सात जणांचे एकच नाव

माझ्या पहिल्या नोकरीत संगणकासमोर बसणारे आम्ही सातही जण यंत्राला एकाच नावाने माहीत होतो. ते नाव होते रूट. ज्यांनी त्या जातीची यंत्रे कधी वापरली नाहीत, त्यांच्यासाठी आधी थोडे स्पष्ट करते. अनेकांनी मिळून वापरायच्या संगणकावर प्रत्येकाला आपापले नाव आणि आपापला परवलीचा शब्द असतो. त्या सगळ्यांच्या वर एक नाव असे असते, की ज्याला कुठलेही दार बंद नाही आणि कुठलाही कागद वाचायला, बदलायला किंवा कायमचा नाहीसा करायला मनाई नाही. हे नाव क्वचित, विशिष्ट कामापुरते आणि एका जबाबदार माणसाने वापरायचे असते. आमच्याकडे ते मॅनेजरसाहेबांपासून माल रवाना केल्याच्या नोंदी करणाऱ्यांपर्यंत सगळे जण सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सहापर्यंत वापरत. असे का होत होते आणि त्यापायी माझ्यापुढे कोणता कागद सहीसाठी सरकवला गेला, ते मला इथे लिहून ठेवायचे आहे. पण आधी घराविषयी लिहिते, कारण त्या कागदाचे उत्तर घरातच तयार झाले.

आम्ही तेव्हा दिल्लीतले सरकारी क्वार्टर सोडून यमुनेपलीकडे, गाझियाबादच्या हद्दीत राहायला आलो होतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी मिळून बांधलेली ती सोसायटी होती आणि आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. रस्ते नकाशावर झाले होते, जमिनीवर व्हायचे होते. खिडकीसमोर मोहरीचे शेत आणि त्या शेताच्या मधोमध, तिथेच उभ्या राहणार असलेल्या नव्या इमारतींचा प्रचंड रंगीत फलक. वीज गेली की बाल्कन्यांमधले जनरेटर एकापाठोपाठ एक धडधडू लागत आणि डिझेलचा वास थेट स्वयंपाकघरात येई. आमच्याकडे जनरेटर नव्हता. पपांचे म्हणणे असे, की अंधार सोसता येतो, आवाज नाही. गच्चीवर केबलवाल्याची मोठी तबकडी बसली होती आणि संध्याकाळी जिन्यात प्रत्येक दारामागून एकाच मालिकेचे संवाद ऐकू येत, त्यामुळे चढता चढता एखादा प्रसंग पूर्ण कळायचा. खाली भाजीवाला ‘मेथी ले लो, बथुआ ले लो’ असे ओरडत फिरे. आई वरून दोर बांधलेली पिशवी सोडी आणि त्याच्याशी हिंदीत घासाघीस करून, वळून मला मराठीत सांगे की मेथी जून आहे.

पपा नगरचे, मिशनच्या बोर्डिंगात शिकलेले आणि एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. जेवणाआधीची प्रार्थना ते मराठीतच म्हणत. आमच्या घरात न चुकता, शुद्ध आणि सावकाश मराठी ऐकू येई ती त्या अर्ध्या मिनिटात. एरवी माझे आणि धाकट्या भावाचे बोलणे ‘अच्छा’, ‘चलो’ आणि ‘बिल्कुल’ने भरलेले असे. ज्वारीचे पीठ दिल्लीत धड मिळत नसे, म्हणून नगरहून कोणी आले की पिशवीभर पीठ येई आणि पुढचे आठ दिवस रोज भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि रविवारी उपासनेहून परतल्यावर मटणाचा रस्सा. पीठ संपले की पुन्हा पोळ्या आणि राजमा. आई सरकारी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिचा घरातला एकच नियम होता: पायऱ्या लिहा. उत्तर चुकले तरी पायऱ्यांना गुण मिळतात, आणि उत्तर बरोबर असून पायऱ्या नसतील तर ते कुणाचे तरी पाहून लिहिलेले असते. पुढे मी स्वतः अनेक वर्षे संगणक शिकवला, तेव्हा हे वाक्य मी जसेच्या तसे वापरले आणि ते आईचे आहे, असे प्रत्येक वर्गाला सांगितले.

गणितात बी.एस्सी. आणि वर संगणकाचा एक वर्षाचा डिप्लोमा, एवढ्या भांडवलावर मला साहिबाबादच्या औद्योगिक वसाहतीत, पंख्यांच्या मोटारी बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली. पपांना ती आवडली नव्हती. ‘प्रायव्हेट’ हा शब्द ते एखाद्या आजाराचे नाव घ्यावे तसा, थोडा आवाज खाली आणून उच्चारत. पण बाजार उघडला होता, नव्या कंपन्यांच्या जाहिरातींनी रविवारचे वर्तमानपत्र जाड झाले होते आणि सरकारी भरतीची वाट पाहत घरी बसायची माझी तयारी नव्हती.

कारखान्याच्या ऑफिसात टेबलावर मावेल असा एकच संगणक होता. त्याला वायरींनी सात टर्मिनल जोडलेली होती. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक; स्वतःची बुद्धी नसलेला. मॅनेजर मल्होत्रा साहेब हे गोरे, स्थूल, अत्यंत मृदू बोलणारे गृहस्थ होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावले, मोतीचूर लाडू हातावर ठेवला, दार लोटले आणि थोडे पुढे झुकून रूटचा परवलीचा शब्द कानात सांगितला. तो शब्द म्हणजे मालकांच्या, सेठजींच्या, दिवंगत मातोश्रींचे नाव होते. “अब आप घर की हो गईं,” ते म्हणाले. “यहाँ किसी से कुछ छुपा नहीं है.” प्रत्येक नव्या माणसाला तिथे असेच सामावून घेतले जाई. लाडू, लोटलेले दार आणि कानात माताजींचे नाव. तो शब्द बदलण्याचा विचार कुणाच्या मनात येणे शक्यच नव्हते. नोकरी सोडून गेलेल्यांनाही तो माहीत होता आणि यंत्र दुरुस्त करायला येणाऱ्यांनाही.

मी महिनाभर कारण शोधत राहिले. नोंदी करणाऱ्या माणसाला सर्वाधिकाराचे नाव कशासाठी लागावे? विचारले तर सगळे एकच उत्तर देत: रूटमध्ये स्क्रीन ठीक राहते. ते खरे होते. मी स्वतःसाठी वेगळे नाव करून त्या नावाने आत शिरले, ऑर्डरींचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, उघडला आणि पडदा फाटल्यासारखा झाला. कंस, आकडे, अर्धविराम, पुन्हा कंस. ओळी जिन्यासारख्या उजवीकडे घसरत गेलेल्या. बाहेर पडून रूटने शिरले तर सगळे जागच्या जागी.

याचे कारण समजायला सोपे आहे. पलीकडे कोणत्या जातीचे टर्मिनल बसले आहे हे संगणकाला सांगावे लागते, कारण ‘पडदा पूस’, ‘पाचव्या ओळीवर जा’ या आज्ञांची खूण प्रत्येक जातीची वेगळी असते. जात सांगितली नाही किंवा चुकीची सांगितली, तर टर्मिनल त्या खुणा पाळत नाही, अक्षरे समजून छापत सुटते. ज्या माणसाने आमचे यंत्र बसवून दिले होते, त्याने टर्मिनलची जात सांगणारी ती एक ओळ फक्त रूटच्या सुरुवातीच्या फाइलीत लिहिली होती आणि तो निघून गेला होता. बाकी कोणत्याही नावात ती नव्हती. ऑफिसातल्या माणसांनी पाहिले, की आपल्या नावाने शिरले की पडदा बिघडतो, रूटने शिरले की सुधारतो. त्यावरून त्यांनी ठरवले, की रूट हे पडदा नीट ठेवण्याचे नाव आहे. निष्कर्ष चूक, पण निरीक्षण अचूक होते. अशा चुकांविषयी मला शिक्षक म्हणून नेहमीच आदर वाटत आला आहे.

मी सात नावे तयार केली, सातही नावांत ती ओळ घातली आणि ऑर्डरींच्या फाइली अशा ठेवल्या, की कार्यक्रमातून त्यांत नोंद करता येईल पण हाताने पुसता येणार नाही. प्रत्येक टर्मिनलशेजारी एक पुठ्ठा चिकटवला. पडदा बिघडला तर क्रमाने काय करायचे, ते त्यावर हिंदीत लिहिले: आधी वायर घट्ट आहे का पाहा, पडदा गोठला असेल तर कंट्रोल आणि क्यू दाबा, चुकून दाबलेल्या कंट्रोल-एसने तो थांबलेला असू शकतो, तरीही अक्षरे विचित्र असतील तर पुढे काही टाइप करू नका, मला बोलवा. आजही कुणी मला फोनवर सांगते की पडद्यावर काहीतरी भलतेच दिसते आहे, तेव्हा माझे पहिले वाक्य तेच असते. जे दिसत नाही त्यावर आज्ञा देऊ नका.

मल्होत्रा साहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी मला विचारले, की एका घरात माणसे आपापली चूल मांडतात का. वेगळी नावे म्हणजे अविश्वास. माताजींच्या नावाखाली सगळे एक होते, ते मी आता तोडायला निघाले होते. बाकीच्यांनाही ते पदावनती झाल्यासारखे वाटले. चौथ्या टर्मिनलवर बसणाऱ्या सरोज दीदी (हे त्यांचे खरे नाव नाही) माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या होत्या आणि रोज डब्यातला अर्धा पराठा मला देत. त्याही दुखावल्या. पाच वर्षांत माझी एवढीच इज्जत झाली का, की आता मला परवानगी मागून फाइल उघडावी लागेल, असे त्या म्हणाल्या. मी त्यांना समजावले की परवानगी मागावी लागणार नाही, फक्त चुकून काही पुसले जाणार नाही. त्या म्हणाल्या, चुकतो तो नवा माणूस. शेवटी वेगळे नाव वापरणारी मी एकटीच उरले आणि ऑफिसने माझे नाव ठेवले ‘अलग चूल्हा’. चहा आला की कोणीतरी म्हणे, अलग चूल्हेवालीला विचारा, आमच्या किटलीतला चालेल का. मी चालेल म्हणे आणि माझ्याच नावाने काम करत राही. हट्ट होता, हे मान्य करते. पण तो हट्ट पायऱ्यांसकट लिहून दाखवता येण्याजोगा होता.

मग ती गुरुवारची दुपार आली. वीज गेली. संगणकाला बॅटरी होती, टर्मिनलांना नव्हती. त्यामुळे यंत्र चालू राहिले आणि सातही पडदे काळे झाले. दहा मिनिटांनी वीज परत आली, तेव्हा काही टर्मिनल आपली मांडणी विसरून कारखान्यातून निघाली त्या अवस्थेत जागी झाली. सरोज दीदींच्या पडद्यावर कंस आणि आकड्यांचा सडा पडला होता. मी तेव्हा छपाईयंत्राशी अडकलेला कागद सोडवत होते. दीदींची रोजची एक सफाई असे: छापून झालेल्या पावत्यांच्या फोल्डरमध्ये जायचे आणि तिथले सगळे पुसायचे. दोन आज्ञा. मल्होत्रा साहेबांनीच त्या शिकवल्या होत्या आणि पाच वर्षांत त्या बोटांना पाठ झाल्या होत्या. पडद्यावर काही दिसत नसतानाही त्यांनी त्या टाइप केल्या. पहिल्या आज्ञेत फोल्डरचे नाव चुकले. ‘असे फोल्डर नाही’ असे यंत्राने सांगितले असणार, पण ते उत्तर त्या कचऱ्यात कुणाला दिसणार होते? वीज जाण्याआधी दीदी ऑर्डरींच्या फोल्डरमध्ये होत्या आणि अजून तिथेच उभ्या होत्या. दुसरी आज्ञा बरोबर टाइप झाली. यंत्राने आज्ञा देणाऱ्याचे नाव पाहिले, रूट, आणि काहीही न विचारता सगळ्या ऑर्डरी पुसल्या.

दीदींनी मला हाक मारली तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. मी उभ्या उभ्या आंधळेपणाने पडदा सावरायच्या आज्ञा टाइप केल्या. अक्षरे सरळ झाली. फाइलींची यादी मागितली आणि यादी रिकामी आली. त्यांनी मला अगदी हळू आवाजात, काय टाइप केले ते शब्द न् शब्द सांगितले. त्यांच्या नवऱ्याची गिरणी बंद पडली होती आणि दोन मुली कॉलेजात होत्या, हे मला आधीच माहीत होते. “बता देना,” त्या एवढेच म्हणाल्या. “पूछें तो बता देना.”

दर शनिवारी सगळ्या फाइलींची राखीव प्रत टेपवर घेतली जाई, तिच्यावरून मी बहुतेक सगळे परत आणले. सोमवार ते गुरुवारच्या नोंदी कागदांवरून पुन्हा कराव्या लागल्या; सातही जणांनी दोन दिवस मान मोडून त्या केल्या. मोटारींचे दोन ट्रक मात्र चुकीच्या शहरांना गेले आणि सेठजी संतापले. त्यांनी विचारले, त्या वेळी यंत्रावर कोण होते? मल्होत्रा साहेबांनी यंत्राची नोंद छापून त्यांच्यापुढे ठेवली. त्या दुपारी आत असलेल्यांच्या यादीत दोनच नावे होती. सहा वेळा रूट आणि एकदा वसुधा. सेठजींनी विचारले की हा रूट कोण. साहेबांनी उत्तर दिले की तो माणूस नाही, ते सिस्टिम आहे. हे मला नंतर त्यांच्या टायपिस्टने सांगितले. म्हणजे अख्ख्या कागदावर माणसाचे म्हणता येईल असे नाव एकच होते, आणि ते माझे होते. स्वतःचे नाव लावून काम करणारी मी एकटी, म्हणून सापडणारीही मी एकटी.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये टाइप केलेला कागद तयार होता. माझ्या निष्काळजीपणामुळे नोंदी नष्ट झाल्या, याबद्दल मी क्षमा मागते, पुन्हा असे होणार नाही. खाली सहीची जागा. मी म्हटले, की हे रूटने केले आहे, हे तुम्हालाही वाचता येते. साहेब पूर्वीइतकेच मृदू होते. “बेटा, मुझे मालूम है कि आपको मालूम है,” ते म्हणाले. “नाम दे दो, या साइन कर दो. सोमवार तक.”

घरी जेवताना मी सगळे सांगितले. प्रार्थना झाली होती, भाकरीचे दिवस होते, आई तव्याजवळ उभी होती. पपांनी शांतपणे घास संपवला आणि सल्ला दिला की सही करून टाक. असे कागद नोकरीत येतात. मग त्यांनी मला प्रथमच एक हकिगत सांगितली. त्यांच्या सेक्शनमधून एक फाइल गहाळ झाली होती, वरच्या अधिकाऱ्याने लेखी दिलगिरी मागितली, त्यांनी ती दिली. पुढे फाइल त्या अधिकाऱ्याच्याच कपाटात सापडली. दिलगिरी मात्र पपांच्या सेवापुस्तकात लागून राहिली. “बघ, काय झालं? मी नोकरीत आहे, तुम्ही शिकलात, घर झालं.” आईने तव्यावरची भाकरी उलटली आणि पाठमोरी राहूनच म्हणाली, “बढतीची यादी लागायची त्या दिवशी तुम्ही पायी घरी यायचात. तेवढं झालं.”

पपांनी तिकडे दुर्लक्ष केले. मला म्हणाले, “वसू, क्षमा मागण्यात कमीपणा कसला? आपण रोज प्रार्थनेत मागतो.”

“तिथे आपण आपल्या अपराधांची मागतो, पपा.”

त्यांच्याशी मी असे कधी बोलले नव्हते. भाऊ ताटात पाहत राहिला. पपा उठले, हात धुतला आणि बाल्कनीत जाऊन बसले. आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा मोठी आहे. त्या वाक्यातले सत्य मी आजही मागे घेणार नाही. ते त्यांच्या ताटासमोर उच्चारले, याचे मात्र वाईट वाटते.

रविवारी उपासनेहून आल्यावर मी उत्तर लिहायला बसले, इंग्रजीत, आईच्या पद्धतीने. पहिली पायरी: पडदा का बिघडतो. दुसरी: त्यामुळे सगळे रूट का वापरतात. तिसरी: वीज गेल्यावर काय होते. चौथी: एका चुकलेल्या शब्दाने ऑर्डरी कशा पुसल्या गेल्या आणि वेगळ्या नावाने तीच आज्ञा दिली असती तर यंत्राने कशी नाकारली असती. पाचवी: रूट या नावाखाली त्या वेळी सहा माणसे होती, मॅनेजरसाहेब धरून. क्षमा मागायचीच असेल तर ती त्या नावाने मागावी लागेल, आणि त्यासाठी सहा सह्या लागतील. त्यांतल्या कोणाचे बोट होते हे मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही, कारण जे बोटांना शिकवले तेच बोटांनी केले. माझी सही फक्त या कागदावर असेल.

मसुदा टेबलावर ठेवून मी पाणी प्यायला गेले. परत आले तर पपा चष्मा लावून तो वाचत होते, हातात लाल पेन्सिल. आयुष्यभर दुसऱ्यांची टिपणे दुरुस्त केलेला माणूस. मत पटो न पटो, ढिला मसुदा त्यांच्याच्याने पाहवत नसे. त्यांनी दोन ठिकाणी ‘असे मला वाटते’ खोडले होते. “वाटण्याचा प्रश्न नाही,” ते कागदावरून नजर न उचलता म्हणाले. “आहे, असं लिही.” मग पाचव्या पायरीपाशी पेन्सिल बराच वेळ थांबली. तिथे त्यांनी काहीच खोडले नाही. कागद परत देऊन ते झोपायला गेले. रविवार दुपारची त्यांची झोप ठरलेली होती.

सोमवारी मी तो कागद मल्होत्रा साहेबांना दिला आणि त्याची प्रत सेठजींच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवली. साहेब मागोमाग आले. सेठजींनी तो दोनदा वाचला. हे गृहस्थ मोटार उघडून तिच्या तारांची वेटोळी स्वतः तपासणाऱ्यांपैकी होते. कोणती गोष्ट कशामुळे बिघडते हे लिहिलेले त्यांना कळे. साहेबांनी सुरुवात केली की नवी पोरगी आहे, अजून रीत कळत नाही. सेठजींनी हात वर केला.

“ये रूट में आप भी थे?”

“जी, सभी थे. माताजी के नाम से ही तो...”

सेठजींनी मला विचारले की ही सात नावे करायला किती दिवस लागतील. मी सांगितले की ती होऊन महिना झाला. आणि माताजींचे नाव? मी म्हटले की ते बदलावे लागेल आणि नवा शब्द एकाच माणसाकडे राहील. एक प्रत बंद पाकिटात तुमच्या तिजोरीत. सेठजी भिंतीवरच्या आईच्या, हार घातलेल्या तसबिरीकडे पाहू लागले आणि मग अनपेक्षितपणे हसले.

“माँ तो वैसे भी किसी को अलमारी की चाबी नहीं देती थीं. चला दो सात नाम.”

त्या दिवसापासून सात माणसांना सात नावे मिळाली. सरोज दीदी दोन आठवडे माझ्याशी जेमतेम बोलल्या. मग एकदा पुन्हा वीज गेली, पडदा फाटला, आणि त्या हात मांडीवर ठेवून, काही टाइप न करता माझी वाट पाहत बसलेल्या दिसल्या. इथे खरे तर प्रकरण संपायला हवे होते.

ते संपले नाही, कारण सेठजींनी नावांचा निकाल दिला होता, कागदाचा नाही. मल्होत्रा साहेबांनी तो क्षमेचा कागद फाडला नाही. त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली, वेळापत्रकाशेजारी तो राहिला. मी केबिनमध्ये गेले की ते कधी त्याचा उल्लेख करत नसत. फक्त बोलताना बोट त्या जागी काचेवर टेकवत. दोन वर्षे मी ते बोट पाहिले. दोन वर्षांनी मी राजीनामा दिला आणि अनुभवाचा दाखला मागितला. त्यांनी तो लगेच काढून दिला, सुंदर शब्दांत लिहिलेला, आणि त्याच्याखाली काचेखालचा तो पिवळट कागद ठेवला. यावर सही करा आणि दाखला घेऊन जा, ते म्हणाले, आता तुम्ही जातच आहात, कुणी पाहणार नाही, फाइल तेवढी पूर्ण होईल.

मी दोन्ही कागद त्यांच्याकडे परत सरकवले, नमस्कार केला आणि बाहेर आले. दीदी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. “मैं अंदर जाऊँ?” त्यांनी विचारले. त्या खरोखरच गेल्या असत्या. मी त्यांचा हात धरून त्यांना चौथ्या टर्मिनलपर्यंत नेले आणि खुर्चीत बसवले.

पुढच्या तीन मुलाखतींत मला विचारले गेले की दोन वर्षांचा दाखला कुठे आहे. मी तिन्ही ठिकाणी सगळे क्रमाने सांगितले. पायऱ्या गाळल्या नाहीत. तिन्ही ठिकाणी शेवटी एकच प्रश्न आला, की मग ते केले कोणी होते. मी सांगितले की ते मी सांगणार नाही. तिन्ही ठिकाणी नोकरी मिळाली नाही. चौथ्या ठिकाणी कोणी काही विचारले नाही. विचारले असते, तर तिथेही मिळाली नसती.